चाळीस मिनिटांचा हिशेब

‘मापात पाप’ हे शब्द मी अक्षरओळख होण्याआधी ऐकले. आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, आणि दिवसभर चालणारी बोटं. हजारी मजुरी असायची. संध्याकाळी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून ती कारखान्यात द्यायला जायची तेव्हा कधीकधी मीही तिच्या पदराला धरून जात असे. तिथला मुनशी कट्टे उलटेसुलटे करायचा, काही विड्या बाजूला काढायचा आणि म्हणायचा, ‘छाट.’ छाटीत गेलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि विड्या मात्र परत नाहीत. आई वाटेत काही बोलत नसे. घरी आल्यावर चुलीपुढे बसून एवढंच म्हणे, ‘मापात पाप हाय.’

तिचं म्हणणं मुनशीनं मोजू नये असं कधीच नव्हतं. मोजल्याशिवाय मजुरी कशी मिळणार? तिचं दुःख असं होतं, की मोजायचं त्यानं, ठरवायचंही त्यानं, आणि तिनं फक्त पुढं उभं राहायचं. १९८१ साली याच निपाणीत तंबाखूचे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा माणसं गेली, तेव्हाही मुळाशी प्रश्न हाच होता. माल आमचा, तर त्याचं मोल एकट्या दुसऱ्यानंच का करावं?

हे सगळं पाहत वाढलेला मी पुढे मोजण्याच्याच धंद्यात पडलो. आयटीआय करून बेळगावला आलो आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो, तो मेंटेनन्स सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. आज जी गोष्ट सांगायची आहे ती एका मीटरची आहे. खरं तर ती माझ्या एका न बोललेल्या वाक्याची आहे. पण मीटरशिवाय ती कळणार नाही, म्हणून वाचकांनी थोडी तांत्रिक बाब सोसावी ही विनंती.

*

बेळगाव फाउंड्र्यांचं गाव आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते. साडेपाचशे की सातशे, या फरकातच कारखान्याचा नफा किंवा तोटा असतो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या ऊर्जाबचत प्रकल्पात कोइमतूर आणि इंदूर यांच्याबरोबर बेळगावच्या फाउंड्र्याही घेतल्या गेल्या, त्या याच कारणानं. आमच्याकडे त्याच्या बरंच आधी, २००६ साली, मालकांच्या मनात आलं की महिन्याकाठी येणारं एकच बिल पाहून काही कळत नाही. भट्टी किती खाते, कॉम्प्रेसर किती खातो, वाळूचा प्लांट किती खातो, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. प्रत्येक ठिकाणी मीटर बसवायचे, सगळे एका तारेत ओवायचे आणि ती तार ऑफिसातल्या संगणकाला जोडायची. काम माझ्याकडे आलं.

मला त्या कामाचा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो. मीटर भिंतीवर बसवला आणि झालं, असं ते नसतं. भट्टीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मीटरमधून थेट नेता येत नाही. केबलभोवती सी.टी. नावाचं कडं घालावं लागतं, ते मोठ्या प्रवाहाची लहान प्रतिकृती मीटरकडे पाठवतं. कड्यावर लिहिलेलं असतं सहाशेला पाच. मीटरला सांगताना सहाशेच्या जागी तीनशे सांगितलं, तर तो बिचारा आयुष्यभर निम्मीच वीज दाखवत बसतो. तीन फेजची तीन कडी. त्यातलं एक उलट्या तोंडानं चढलं तर पुष्कळ मीटरांत त्या फेजची वीज बेरजेत येण्याऐवजी वजा होते, आणि तिन्ही फेजवर सारखा भार असला तर एकूण आकडा खऱ्याच्या एक तृतीयांशावर येतो. आकडा दिसतो अगदी नीटनेटका, दशांश चिन्हासकट. तो खोटा आहे हे त्याच्याकडे पाहून कधीच कळत नाही. हातातल्या क्लॅम्पमीटरनं जाऊन पडताळलं तरच कळतं.

मग ती तार. पिळाच्या दोनच वायरी, एका मीटरहून दुसऱ्याकडे, दुसऱ्याहून तिसऱ्याकडे. शेवटच्या टोकाला एकशेवीस ओहमचा रेझिस्टर, नाहीतर संदेश टोकाला आपटून मागे फिरतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. प्रत्येक मीटरला एक ते दोनशे सत्तेचाळीसमधला एकेक क्रमांक. संगणक क्रमांक पुकारतो, विचारतो, आणि ज्याला पुकारलं तोच उत्तर देतो. मॉडबस नावाची ही बोलण्याची रीत १९७९ सालची. तिचा नियम मला फार आवडायचा. विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, आणि जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं.

तीन दिवस मी एका गमतीत अडकलो होतो. मीटर एक मोठा आकडा दोन तुकड्यांत पाठवतो. काही कंपन्या वरचा तुकडा आधी पाठवतात, काही खालचा. संगणकाचा समज उलटा असला की दोन्ही तुकडे अगदी बरोबर पोचूनही आकडा मात्र वेड्यासारखा येतो. पडद्यावर भट्टीची वीज कधी शून्याच्या आसपास, कधी कोट्यवधी. तारेत दोष नव्हता, मीटरमध्ये नव्हता. बोलणाऱ्याचा क्रम एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा, एवढंच होतं. चौथ्या दिवशी क्रम फिरवला आणि पडद्यावर भट्टीची रेघ उमटली. मिनिटामिनिटाला एक ठिपका. चढ म्हणजे वितळणं, उतार म्हणजे ओतणं. रात्री अकरा वाजता घरी जाताना मला वाटलं, आता या कारखान्यात मला न दिसणारं काही उरलं नाही.

*

फायदा झाला, तोही सांगितला पाहिजे. भट्टीचं झाकण उघडं राहिलं की रेघ सांगायची. भंगाराबरोबर वाळू आणि गंज गेला की सांगायची. साचे तयार नसताना वितळवायची घाई केली की रस भट्टीत थांबून वीज खायचा, तेही सांगायची. टनामागची युनिटं खाली आली. मालक खूष झाले. माझ्या पगारात थोडी भर पडली.

जुलै लागला. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्या महिन्यात रेघेवर एक नवीनच खूण दिसू लागली. रात्रपाळीत, तीनच्या आसपास, रस तयार झाल्यावर भट्टी चाळीस चाळीस मिनिटं नुसती थांबलेली. ओतणं नाही, वितळवणं नाही. रस गार होऊ नये एवढीच वीज. एका रात्री तीसेक युनिटांचा फटका. आणि हे एकाच माणसाच्या पाळीत, आठवड्यातून तीन-चार वेळा.

तो माणूस म्हणजे आमचे जुने फर्नेसमन. वयानं माझ्याहून बरेच मोठे. मूळचे संकेश्वरजवळच्या खेड्यातले, घरी कन्नड बोलणारे. आमच्याशी मराठी बोलत, पण बेताचं. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. रसाच्या रंगावरून तापमान सांगत, आणि यंत्रानं मोजलं तर फार फरक नसे.

मी ग्राफ छापले. सात रात्रींचे सात कागद. शेजारी वेळ, युनिटं, रुपये असे रकाने, आणि शेवटी नेहमीप्रमाणे ‘शेरा’ हा रकाना. तो मी कोरा ठेवला. कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवले. ते पुण्याहून नव्यानं आलेले तरुण गृहस्थ, स्वभावानं वाईट नव्हेत. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, ‘तीन वाजता. म्हणजे झोपतात.’ मी काही बोललो नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं.

मामांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, हातातला टॉवेल पिळत. साहेबांनी ग्राफ त्यांच्यापुढे धरला. मामांनी तो क्षणभर पाहिला, पण ती रेघ म्हणजे आपली रात्र आहे हे त्यांना कसं कळावं? ‘चाळीस मिनिटं भट्टी का थांबली?’ असं विचारल्यावर ते गोंधळले आणि गोंधळलेला माणूस आपल्या भाषेत जातो तसे कन्नडमध्ये गेले. म्हणाले, ‘लॅडल हसी इत्तु.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

हसी म्हणजे ओली. कच्ची, न वाळलेली. लॅडल म्हणजे भट्टीतला रस साच्यापर्यंत नेण्याचं भांडं. आतून त्याला मातीचं अस्तर असतं, ते झिजतं, पुन्हा लिंपावं लागतं. मला कन्नड येतं. निपाणीत वाढलेल्या आणि बेळगावात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं येणारच. मला ते तीनही शब्द कळले होते.

मी म्हणालो, ‘काहीतरी कारण सांगताहेत.’

*

या वाक्याचा मी गेली कित्येक वर्षं विचार करतो आहे. ते खोटं होतं का? नव्हतं. मामा खरोखरच काहीतरी कारण सांगत होते. आकडा जसा दोन तुकड्यांत बरोबर पोचूनही भलताच वाचला जातो, तसं मी त्यांचं बोलणं पोचवलं. फरक एवढाच, की संगणकाला क्रम माहीत नव्हता आणि मला माहीत होता.

का केलं असं? मामांशी माझं वैर नव्हतं. मराठी-कन्नड हा भाव त्यावेळी मनात नव्हता असं मी म्हणतो, पण शपथेवर सांगणार नाही. मुख्य कारण दुसरंच होतं. तो ग्राफ माझा होता. कडी मी चढवली होती, तार मी ओढली होती, क्रम मी शोधला होता. रेघेनं पहिल्यांदाच एका माणसाबद्दल काही सांगितलं होतं, आणि ते अर्धवट आहे असं म्हणणं म्हणजे माझं काम अर्धवट आहे असं म्हणणं. मी माणसापेक्षा मीटरची बाजू घेतली, कारण मीटर माझा होता.

मामांना दिवसपाळीत घातलं, रात्रपाळीचा भत्ता गेला. दसऱ्याच्या आधी त्यांनी काम सोडलं.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या रात्री रेघ सुरेख होती. थांबणं नाही, वाट पाहणं नाही. आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात एका रात्री, ताज्या लिंपलेल्या लॅडलमध्ये रस पडला आणि उसळला. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या वर असतो. अस्तरात अडकलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. एका पोराच्या पायावर रस उडाला. जीव वाचला, पाय वाचला, पण तो आजही उजवा पाय किंचित ओढत चालतो.

त्यानंतर मी रात्रपाळीच्या पोरांना विचारलं. जे जुलैत विचारायला हवं होतं ते. लॅडल तापवायचा डिझेलचा बर्नर पावसाळ्याच्या तोंडावर बिघडला होता, दुरुस्तीची चिठ्ठी माझ्याच खात्यात पडून होती. मामा रात्री लाकडं पेटवून लॅडल शेकत. अस्तर सुकेपर्यंत रस भट्टीत थांबवून ठेवत. चाळीस मिनिटं. ती लाकडं विजेवर जळत नव्हती, म्हणून माझ्या मीटरला दिसत नव्हती. भट्टी थांबलेली दिसत होती, ती कशासाठी थांबली ते भट्टीपासून दहा पावलांवर धुरात चाललं होतं. रात्रीची तीस युनिटं म्हणजे वाया गेलेली वीज नव्हे. तीन-चार माणसांच्या हातापायांची ती किंमत होती, आणि ती तशी स्वस्तच होती.

*

मोजमाप वाईट असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर आईशीच बेइमानी होईल. न मोजण्यातही पाप असतं. आकडा टाकून वीज घेणाऱ्याचं बिल शेवटी प्रामाणिकपणे भरणाऱ्याच्या माथी येतं. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि बहुतेक पंपांना मीटरच नाही, त्यामुळे कुणाच्या विहिरीत किती वीज गेली आणि नावावर किती टाकली हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. जिथं मोजत नाहीत तिथं अंदाज करतात, आणि अंदाज नेहमी बलवानाच्या सोयीचा असतो. २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला दोनशे युनिटांच्या आत, त्याच्या मागच्या वर्षीच्या सरासरीहून दहा टक्के जास्त इतकी वीज मोफत मिळू लागली. तेव्हा मीटरचा आकडा हा गरिबाच्या हक्काचाच पुरावा झाला. आमच्याकडे बिल कन्नडमध्ये येतं, पण आकडे सगळ्यांना वाचता येतात. हे काही लहान सुख नव्हे.

प्रश्न आहे तो आकडा कुणापुढे उभा राहतो हा. विजेच्या मीटरचा इतिहास या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. एडिसननं १८८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली तेव्हा त्याचा मीटर म्हणजे जस्ताच्या पट्ट्या बुडवलेली एक बरणी होती. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीकडे जायचं. महिन्यानं कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या घेऊन जायचा, वजन करायचा आणि बिल पाठवायचा. ग्राहकाला त्यातलं काही वाचता येत नसे. पुढे १८८८-८९च्या सुमारास शॅलेनबर्गर आणि ब्लाथी यांच्यासारख्यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाचे मीटर केले. त्यांतून आपण सर्वांनी पाहिलेला फिरत्या चकतीचा मीटर आला. त्याच्या तोंडावर आकडे होते. घरमालक आणि रीडिंगवाला एकाच वेळी, एकाच काचेतून, एकच आकडा वाचू लागले. माझ्या मते मीटरच्या इतिहासातली सर्वांत मोठी नैतिक सुधारणा ती.

तारेत ओवलेला मीटर एका अर्थानं पुन्हा एडिसनच्या बरणीकडे जातो. तोंडावर आकडा आहे, पण खरी गोष्ट, म्हणजे मिनिटामिनिटाची रेघ, दुसरीकडे कुठंतरी वाचली जाते. ती रेघ काय काय सांगू शकते हे जॉर्ज हार्ट नावाच्या अभियंत्यानं १९८०च्या दशकात अमेरिकेत दाखवलं. घराबाहेरच्या एकाच जागी मोजून आत फ्रीज कधी चालू झाला, गिझर कधी लागला, हे ओळखता येतं. आणि हे ओळखता येणं माणसांवर पाळत ठेवण्याच्या कामी येईल, हा इशाराही त्यानंच १९८९ साली लिहून दिला. २००९ साली नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहानं असे मीटर सक्तीचे करणारं विधेयक खाजगीपणाच्या मुद्द्यावर अडवलं. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२४ साली महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरला विरोध झाला तो मुख्यतः पैशांच्या भीतीनं. सामान्य घरगुती ग्राहकांना ते बसवणार नाही असं सरकारला तेव्हा जाहीर करावं लागलं. रेघ कोण वाचणार, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

माझ्या घरात तो ऐकू आला, तो असा.

*

पत्नी २०२१ साली गेली. मुलगा पुण्याला. मी शहापुरात एकटा. दोन वर्षांपूर्वी तो दिवाळीला आला तेव्हा मेनस्विचजवळ त्यानं एक लहानसा मीटर बसवला. वायरीभोवती चिमट्यासारखं कडं, आणि घरातल्या वायफायवरून सगळं थेट त्याच्या फोनवर. मी कौतुकानं पाहत होतो. मला जे करायला पंधरा दिवस लागले ते त्यानं चहा निवेपर्यंत केलं. कड्याची दिशा उलटी होती, ती मी दाखवली. दोघंही हसलो.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला. ‘बाबा, काल रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात काय करत होता?’

मी चहा करत होतो. झोप येत नाही, उठतो, विजेच्या शेगडीवर चहा करतो, तिच्या जागी बसून पितो. यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याचा प्रश्न ऐकून माझ्या छातीत काहीतरी आकसलं. म्हणालो, ‘काही नाही रे, तहान लागली होती.’ दुसऱ्या रात्रीपासून मी चहा गॅसवर करू लागलो. गॅस मीटरला दिसत नाही.

चार-पाच रात्री गेल्यावर, पातेल्यातलं पाणी उकळायची वाट पाहताना, एकाएकी माझ्या लक्षात आलं की मी मामांच्या जागी उभा आहे. त्यांचा जाळही मीटरबाहेर होता, माझाही. पण पुढं विचार केल्यावर दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हेही कळलं. कारखान्यात माझं चुकलं ते न विचारण्यात, न सांगण्यात. माझा मुलगा तर विचारत होता. मायेनं विचारत होता. तरी मला ते का लागलं?

बराच विचार करून जे हाती आलं ते मांडतो. ते पूर्ण आहे असा दावा नाही.

भट्टीची वीज मालकाची होती. ती मोजायचा त्याला अधिकार होता, तो मी नाकारत नाही. पण मीटर ‘किती’ आणि ‘केव्हा’ सांगतो. ‘का’ हे त्याच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. वस्तूबद्दल निर्णय करायला किती आणि केव्हा पुरतं. माणसाबद्दल निर्णय करायला ‘का’ लागतं, आणि ते त्या माणसाकडेच असतं. म्हणून दुसऱ्याचं काम जो मोजतो त्याच्यावर मोजता क्षणीच एक कर्ज चढतं. पायऱ्या उतरून जाण्याचं, विचारण्याचं, आणि उत्तर त्याच्या भाषेत समजून घेऊन जसंच्या तसं वर नेण्याचं. सी.टी. चढवल्यावर क्लॅम्पमीटरनं पडताळल्याशिवाय मी कधी सही केली नाही. माणसावर मात्र न पडताळता सही केली.

माझा रात्रीचा चहा हा कुणाचाच माल नव्हे. मुलाला मी जिवंत आहे ना, पडलो तर नाही ना, हे कळण्याचा हक्क आहे. तो मायेचा हक्क आहे, आणि माया हक्कच मानते. पण मी का जागा आहे, हे माझं आहे. ते मी सांगेन तेव्हा त्याचं होईल. रेघेनं आधीच सांगून टाकलं तर माझ्याकडे सांगायला काही उरतच नाही. बापानं मुलाला आपलं दुःख सांगणं आणि मुलानं ते ग्राफवर वाचणं यात माहिती एकच असते, पण पहिल्यात मी काहीतरी देतो आणि दुसऱ्यात माझ्याकडून काहीतरी घेतलं जातं.

कुणी म्हणेल, हा म्हाताऱ्याचा नसता मानीपणा आहे. अडीच वाजता पाय घसरला असता तर हीच रेघ उपयोगी पडली असती. खरं आहे. म्हणून मी मीटर काढायला लावला नाही. मुलाला बोलावून सगळं सांगितलं, मामांच्या गोष्टीसकट. ती त्याला ठाऊक नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून एक सोपी व्यवस्था केली. सकाळी नऊपर्यंत घरातली वीज रात्रीच्याच पातळीवर राहिली, म्हणजे पाण्याची मोटर नाही, मिक्सर नाही, गिझर नाही, तर त्याच्या फोनवर सूचना जाते. एरवी रेघ त्याला दिसत नाही, ती फक्त माझ्या फोनवर दिसते, आणि महिन्यानं पुसली जाते. गरजेपुरतं मोजायचं, ज्याचं मोजलं त्याला आधी दाखवायचं, आणि काम झालं की विसरायचं. हे तीन नियम कुठल्या पुस्तकातले नाहीत. मुनशीपुढे उभ्या असलेल्या माझ्या आईला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं, मला वाटतं.

चहा पुन्हा शेगडीवर होतो.

*

अपघातानंतर महिन्याभरानं मी संकेश्वरला उतरून मामांच्या गावी गेलो होतो. ते उसाच्या बांधावर बसले होते. त्यांनी घरी नेलं, मामींनी चहा दिला, पोह्यांचा चिवडा दिला. मामांनी त्या पोराच्या पायाची चौकशी केली. बर्नर दुरुस्त झाला का, विचारलं. मी म्हणालो, ‘झाला. मामा, त्या दिवशी साहेबांना तुमचं बोलणं कळलं नाही.’ हे मी वाटेत घोकून ठेवलेलं वाक्य होतं. माफी मागायची होती, पण निघालं हेच.

मामा बशीत चहा ओतत म्हणाले, ‘त्यास्नी कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं. मी तुमच्या तोंडाकडं बघितलो होतो.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यानंतर ते उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

त्या सात कागदांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. निवृत्त होताना फाइलीबरोबर घरी आल्या. हा लेख लिहायला बसण्याआधी त्या काढल्या. शाई फिकी झाली आहे, पण रेघ दिसते. दोन पन्नासला सपाट होते, साडेतीनला पुन्हा हलते. उजवीकडे ‘शेरा’ हा रकाना सातही कागदांवर कोराच आहे.

पेन घेतलं आणि सातही ठिकाणी लिहिलं, ‘लॅडल हसी इत्तु.’ खाली आजची तारीख घातली. मागची घालण्याचा मला अधिकार नाही.